कामाचे नव्वद दिवस

३ मार्च
लेकीकडे पोचलो. विमानतळावरच्या खिडकीतल्या माणसाने पासपोर्टवर शिक्का असा मारला, जसा डास मारतोय. मुक्काम नव्वद दिवस. वर बघणं नाही, बोलणं नाही. लेकीची तारीख ८ जून. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय हलणार नाही, हे त्याला खणखणीत मराठीत सुनावलं. त्याने मागच्याला पुढे बोलावलं.

५ मार्च
जावईबापू लॅपटॉप घेऊन आले. म्हणे, बाबा, मुदतवाढीचा अर्ज आत्ताच भरून टाकू, दोघांचाही. एकतीस वर्षं रजा विभागात काढली मी! अर्ज म्हणजे काय हे मला कालचं पोर शिकवणार? माझा भरायचा नाही म्हणून सांगितलं. हिने मात्र निमूट फोटो काढून दिला. दम म्हणून नाही.

६ मार्च, दुपार
नियम वाचला. नव्वद दिवस. कोणते, ते लिहिलेलंच नाही. म्हणजे अर्थातच कामाचे. शनिवार-रविवार वजा जाता मुक्काम ४ जुलैपर्यंत. मुदतवाढीची गरजच नाही! कुणाला बोललो नाही. नातवंड मांडीवर आलं की सांगेन. बसतील तोंडं उघडी टाकून.

१८ एप्रिल
हिची मुदतवाढ आली. कागद घरभर मिरवतेय. लेकीने विचारलं, बाबा, तुमचं काय? म्हटलं, चालू आहे. खोटं नाही. दिवस चालूच आहेत.

१६ मे
जावईबापू पुन्हा हजर. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी अर्ज लागतो, आज शेवटचा दिवस, म्हणे. शांतपणे हिशोब मांडून दाखवला. आधी कॅलेंडरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मग म्हणाले, बाबा, रविवारी तुम्ही इथे नसता का? उद्धट! लेकीला म्हटलं, नवऱ्याला आवर. ती रडायलाच लागली. अशा दिवसांत होतं असं.

१९ मे
स्वतः ऑफिसात गेलो. नुसती खात्री करायला. तीन तास बाकावर. खिडकीतल्या बाईने माझा हिशोब वाचला. शेजारणीला दाखवला. तिने मागच्या टेबलावरच्या टकल्याला. तिघं हसली. म्हटलं, पटलं! तर म्हणे मुक्काम ३१ मेपर्यंतच, आणि अर्जाची मुदत शुक्रवारी संपली. हात आपटला. विचारलं, तुमचा वरिष्ठ कोण? टकल्याच निघाला.

२० मे
सात पानी निवेदन दिलं. मुद्दे तेवीस. आता पळापळ होईल त्यांची.

२३ मे
उत्तर आलं. एक ओळ. निवेदन नामंजूर. एका ओळीत? आमच्याकडे नाही म्हणायलासुद्धा तीन महिने लावायचो. माणसाचा मान ठेवायचो. नालायक लेकाचे!

२९ मे, विमानतळ
ही राहिली, मी निघालो. लेकीला म्हटलं, निषेध म्हणून जातोय. ती मिठी मारायला आली, पोटामुळे नीट मारता आली नाही.

३ जून, सकाळ
मुलगी झाली. तीन किलो. फोनवर दाखवली. मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद, कुणावर तरी भयंकर भडकलेली. ही म्हणाली, डिट्टो तुम्ही. गालाला हात लावायला गेलो आणि फोन कट झाला. दोनदा लावला. तिकडे सगळे गडबडीत.

दुपारी जावईबापूंना पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, नवा अर्ज तुम्हीच भरा, सही कुठे करायची तेवढं सांगा.