आपली शेतं दिसायची तो ब्राउझर

आप्पा, तुमचा तो कॉम्प्युटर अजून चालू आहे. त्यातला ब्राउझर कंपनीने कधीच बंद केला, आणि ज्या सिस्टीमवर तो चालतो तिलाही आता कुणी वाली नाही. आतला सेल गेलाय, त्यामुळे मेन स्विच बंद केला की तारीख मागे जाते, थेट आपण तो घेतला त्या वर्षात. दुकान उघडलं की आधी मी तारीख पुढे आणते, मग देवापुढे उदबत्ती लावते. बेळगावात कोर्टासमोरच्या या टायपिंगच्या दुकानात दोन नवे कॉम्प्युटर आहेत, तरी पंख्याखालची जागा त्याचीच. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. येळ्ळूरच्या शिवारातल्या शेतांची नावं त्यात आहेत, आणि ती पानं त्या वेळच्या जुन्या फॉन्टातली, दुसऱ्या कुठल्या ब्राउझरात उघडली तर नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं दिसतात.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सायकलवरून बांधाबांधाने फिरून तुम्ही ती नावं गोळा केलीत. उताऱ्यावर नुसते सर्व्हे नंबर, तेही कन्नडमध्ये. नावं होती ती म्हाताऱ्यांच्या तोंडात. भुताची पट्टी, करवंदीचा माळ, सासूचा तुकडा. मिक्सरचा प्लग काढून कॉम्प्युटर स्वयंपाकघरात लावलेला. आई भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसून वहीतली नावं वाचताय, मी टाइप करतेय. 'सासूचा तुकडा' मला बरं वाटेना, म्हणून मी 'सासूचं शेत' केलं, तर केवढे भडकलात! "तुझ्या मनाचं घालू नको गं. लोकांनी ठेवलेलं नाव हाय त्ये." मी रडत रडत ते बदललं.

शेवटी दवाखान्यात माझा हात धरून म्हणालात, "त्यो कॉम्प्युटर तेवढा सांभाळ गं. तुझ्याबिगर कोण न्हाय त्याला." मी सांभाळला, आप्पा. दोनदा डिस्क गेली, जुन्या सामानाच्या दुकानांतून शोधून आणली, सीडीवरून नावं परत भरली. घर बदलताना ह्यांनी 'भंगारात घालूया' म्हटलं, तर चार दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. येळ्ळूरचं कुणी कामाला आलं की मी त्याला बसवून घ्यायची, त्याच्या शेताचं नाव दाखवायची, कागदावर छापूनही द्यायची. मोठा मान वाटायचा मला त्यात.

गेल्या आठवड्यात तिथलेच एक शेतकरी अर्ज टाइप करायला आले. मी म्हटलं, थांबा, तुमचं शेत दाखवते. ते म्हणाले, "कशाला तरास, आक्का? हितं मोबाइलात हाय की सगळं." आणि उघडून दाखवलं. सगळी नावं होती, स्वच्छ, नव्या अक्षरांत, आपल्याच क्रमाने. सासूचा तुकडासुद्धा. खाली आपल्या धाकट्याचं, माझ्या भावाचं नाव, आणि वडिलांच्या वहीवरून त्यांच्या हयातीत केलं, असं लिहिलेलं. मी लगेच त्याला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "व्हय, आप्पांनीच वही दिलती. तुला सांगू नको म्हणालते."

मग मला कशाला बसवलंत? पीक काढून नेल्यावर शेतात कुणी राखण ठेवतं का? वही त्याच्याकडे गेलीय हे माहीत असताना, माझा हात धरून 'तुझ्याबिगर कोण न्हाय' म्हणालात. तुम्ही मला फसवलंत, आप्पा. धाकट्याने फसवलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. तुमच्याशी आता कुठे भांडू?

हे मी त्याच कॉम्प्युटरवर लिहितेय, जुन्याच अक्षरांत. दुसरीकडे कुठे हे कुणाला वाचता येणार नाही, म्हणून एक सांगते. धाकट्याला मी हे सांगितलेलं नाही. आजारी पडायच्या आधी एकदा तुम्ही वही घेऊन दुकानात आला होता. म्हणालात, "आता नव्या अक्षरात घालत्यात म्हणं. बसूया का गं परत?" समोर गिऱ्हाईक होतं. मी मान वर न करता म्हटलं, "एकदा केलंय की, आप्पा. परत परत कोण बसणार?" तुम्ही वही पिशवीत घातलीत आणि चहा न घेताच बसस्टॉपकडे निघालात. मी काचेतून बघत होते. हाक मारली नाही.