सहा चाळीसला ‘पोहोचले’

४ मार्च

परक्या शहरात नोकरीला निघालेल्या बायांनो, आपल्याला सगळीकडे एकच प्रश्न विचारतात: तिथे बाईमाणसाला सुरक्षित आहे ना? काम काय, हुद्दा काय, कुणी विचारत नाही. वीस वर्षं कृत्रिम दात घडवणाऱ्या भाचीला मामाने निरोपाच्या वेळी काय दिलं? कराटेचं पुस्तक. चित्रांसकट! (समोर माणसं नसली की मी वहीलाच सभा समजते. कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळाली तेव्हापासूनची खोड.)

पण आज तक्रार नाही. खोली झकास आहे. दुसरा मजला, दोन खिडक्या, गॅलरी, आणि ओटा अगदी माझ्या कोपराच्या उंचीचा. इमारतीत अठरा खोल्या, सगळ्या बाहेरून आलेल्या नोकरदार बायांच्या. खोलीचं दार कार्डाने उघडतं. उघडलं की ‘पोहोचले’ असा संदेश आपोआप इमारतीच्या ग्रुपवर जातो आणि घरच्या एका माणसालाही. इथली सुरक्षा सांभाळणाऱ्या सुरक्षासाहेबांनी हे सगळं बारशाला बाळ दाखवावं तसं कौतुकाने दाखवलं. आई फोनवर म्हणाली, चला, आता तुझ्या फोनची वाट बघत मालिका बुडवायला नको.

७ मार्च

दातांच्या प्रयोगशाळेत जीव रमला. मुकादम माणसांना सामानाच्या नावाने हाका मारतो. एक प्लास्टर, एक धातू, आणि मी चिनीमाती. फुटू नकोस म्हणजे झालं, असं म्हणून स्वतःच खो-खो हसला.

माझ्या टेबलावर पूर्वी मेणवाली बसायची. माझ्यासारखीच बाहेरची. मेणात दात असा कोरायची की मुकादम तिची एक दाढ अजून नव्या लोकांना दाखवतो. नोव्हेंबरात एक दिवस ती आली नाही, मग कधीच नाही. फोन नाही, राजीनामा नाही. मुकादमाचा राग अजून उतरलेला नाही. तिची कोरणी खणात तशीच आहे, दांडा अंगठ्याने घासून खोलगट झालेला. कोरणीच्या पाकिटावर तिचं नाव आहे. स्वतःच्या हाताची झालेली कोरणी टाकून कुठली कारागीर नोकरी सोडते?

१२ मार्च

मेणवालीचं तेच नाव ग्रुपवर दिसलं. खोली सतरा, चौथा मजला. सहा चाळीस, पोहोचले.

मागे मागे गेले. काल सहा चाळीस. परवा सहा चाळीस. रविवारीही. थेट नोव्हेंबरापर्यंत, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. प्रत्येक संदेशाखाली बायांनी टाकलेलं जोडलेल्या हातांचं चिन्ह.

जिची नोकरी सुटली ती रोज येते कुठून? प्रयोगशाळेतली माणसं ग्रुपवर नाहीत, आणि इमारतीतल्या बायांना प्रयोगशाळा माहीत नाही. दोन्हीकडे मी एकटीच आहे.

१३ मार्च

पावणेसातला वर जाऊन सतराचं दार वाजवलं. पाच मिनिटांपूर्वीच तिचा संदेश आला होता. आत पाण्याचा आवाज नाही, पावलाचा नाही.

शेजारच्या खोलीतल्या नर्सताईला विचारलं. ती म्हणाली, अगं ती शिष्टच आहे, कुणात मिसळत नाही. शेवटचं कधी पाहिलंस, तर म्हणे पाहायचं कशाला, रोज येते की व्यवस्थित. मग हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

१५ मार्च

आज सहा वाजल्यापासून चौथ्या मजल्याच्या जिन्यावर बसले. नजर सतराच्या दारावर.

सहा चाळीसला फोन वाजला. पोहोचले.

कोणी आलं नाही. दार उघडलं नाही. मी डोळ्यांनी पाहिलं.

१६ मार्च

सुरक्षासाहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, यंत्र चुकत नाही, माणसाची नजर चुकते. मी म्हटलं, मग सतरा नंबर उघडून दाखवा. भाडेकरूच्या खासगीपणाचा मान राखावा लागतो, म्हणाले. मी आवाज चढवला. साहेब, चार महिने एक बाई बेपत्ता आहे आणि तुम्ही मला खासगीपणा शिकवता!

ते हसले. मी निघाले तेव्हा त्यांनीच विचारलं, काल जिन्यात पंचेचाळीस मिनिटं बसलात, पाठ नाही ना दुखली?

१८ मार्च

पोलीस चौकी. अंमलदाराने फोनवरचे संदेश नीट वाचले, इमारतीची नोंद चौकीतल्या यंत्रावरही दिसते, तीही पाहिली. विचारलं, तक्रार नेमकी काय, बाई रोज घरी पोहोचते ही? तिच्या आईलाही रोज संदेश जातो, आईची काही तक्रार नाही. पलीकडच्याने टोला मारला, आमची बायको इतकी वेळेवर आली असती तर पेढे वाटले असते. दोघे हसले.

त्या आईचा विचार डोक्यातून जात नाही. कुठेतरी ती सहा चाळीसला फोन बघते आणि निर्धास्त होते. रोज.

२० मार्च

सकाळी अकरा वीस. मी प्रयोगशाळेत, हातात भट्टीतून काढलेला दात. फोन वाजला.

माझं नाव. खोली आठ. पोहोचले.

खाली जोडलेले हात. एक. तीन. सात.

लगेच आईचा फोन. आज लवकर सुटलीस वाटतं? मी म्हटलं, मी कामावर आहे. तर म्हणाली, चेष्टा पुरे, जेवून घे.

२१ मार्च

खोलीत सगळं जागच्या जागी. फक्त ओट्यावरचा पेला उपडा. मी पेला उपडा ठेवत नाही — ठेवते का? आता आठवतच नाही.

ग्रुपवर लिहायला गेले. जोडलेले हात टाकता येतात, लिहिता येत नाही. तिथे फक्त यंत्र लिहितं. इतके दिवस लक्षातच आलं नाही.

२२ मार्च

नर्सताईला म्हटलं, आपण सगळ्या मिळून सतराचं दार फोडू. ती रडली. म्हणाली, खोली गेली तर मी जाऊ कुठे? तिचाही दोष नाही. घाबरलेल्या माणसाला एकटं पाडायला फार काही लागत नाही — कोणीतरी काळजी घेतंय एवढं वाटलं की पुरे.

उद्या इथून निघते. बॅग भरली.

२३ मार्च, दुपार

कार्ड आतून चालत नाही. दार उघडत नाही. दोन तास झाले.

पोलिसांना फोन केला. यंत्रावर बघून म्हणाले, तुम्ही तर घरीच आहात, मग भीती कसली?

नर्सताई कामावर. फोन बंद. गॅलरीतून ओरडले — रस्त्यावरच्या एकाने वर पाहिलं, चालू लागला.

आई उचलत नाही. का उचलेल — संदेश येतो ना —

जिन्यात पावलं. सावकाश. दुसऱ्या मजल्यावर थांबली.

कपाट दाराला लावलंय. लिहिते आहे. हे पान खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत टाकायचंय.

कुलूप वाजलं. हिरवा दिवा.

फोन — माझं नाव — पोहोचले —

जोडलेले हात. दोन. पाच —

बायांनो, हात जोडू नका. माझ्या नावाचा संदेश आला की फोन ठेवा, उठा, आठ नंबरचं दार वाजवा. सगळ्या या. माझा आवाज येईपर्यंत वाजवत राहा. नुसतं बघू नका, दार वाज—