दोन मालिन

वेक्शो, १२ नोव्हेंबर १९९६

प्रिय सोल्वेग,

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, तरी सायकल सोडलेली नाही. लिंगोनच्या रानफळांचा मुरंबा पार्सलने पाठवला आहे.

तुझ्या मुलीने वंशावळ मागितली होती. गेल्या महिन्यात मी तुला कळवलं की आजोबांच्या बायबलमधली नोंद खोटी आहे. आपली पूर्वज मालिन यॉन्सडोटर १७११ मध्ये लग्न करूच शकत नाही, कारण चर्चच्या वहीत तिला १६९० साली, दोन वर्षांची असताना पुरल्याची नोंद आहे. ते मागे घेते. चूक माझी होती.

दप्तरखान्यातल्या माणसाला मी वहीच्या मायक्रोफिल्मवर ती नोंद ठणकावून दाखवली. तो म्हणाला, "बाई, फिल्म पुढे सरकवलीत का?"

"कशाला? मेलेलं माणूस पुढे काय करणार?"

"बाप्तिस्मा." तो हसला. "मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत. तुम्ही इतिहास शिकवायचात ना?"

तीस वर्षं शिकवला. फिल्म सरकवली. सात महिन्यांनी, त्याच आईबापांची मुलगी, मालिन. म्हणजे पहिलीला पुरलं तेव्हा शेर्स्टिनच्या, तिच्या आईच्या, पोटात दुसरी होती. दोन्ही बाप्तिस्म्यांना बाळाला हातात कोणी घेतलं तेही पाद्र्याने लिहिलं आहे: आईची बहीण, इंगेबोर्ग. तीच बाई, बाप्तिस्म्याच्या पाण्याची तीच दगडी कुंडी, तेच नाव. दुसऱ्यांदा तिचे हात थरथरले का, हे पाद्री लिहीत नाही.

मी बाहेर येऊन सायकल घेतली, आणि वाटभर तुझा जुना फोन आठवत राहिला.

१९७१ मध्ये तुझा फोन आला तेव्हा माझी मालिन जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू म्हणालीस, "ताई, मुलगी झाली. नाव तिचंच ठेवते. आणि बाप्तिस्म्याला तूच घे तिला." मी म्हणाले, "कॅलेंडरात दिवसाला एक, अशी वर्षभराची नावं आहेत, तुला हेच सापडलं?" आणि फोन आपटला. बाप्तिस्म्याला आले नाही. पंचवीस वर्षं पत्रांत 'तुझी मुलगी' एवढंच लिहिलं. तू एकदाही टोकलं नाहीस.

मला वाटायचं, तू माझ्या मुलीची जागा भरून टाकलीस. शेर्स्टिन मात्र तीच हाक अंगणात रोज मारत होती, आणि ओ यायची.

तुझ्या मुलीच्या बाळाचा बाप्तिस्मा नाताळाआधी, अॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारी आहे, असं तू ओझरतं लिहिलंस. बोलावलं नाहीस, बरोबरच आहे. बाळाला कोणी घ्यायचं हे ठरलं असेल तर मी मागच्या बाकावर बसेन. ठरलं नसेल तर तिला विचार. गुडघा गेला, हात भक्कम आहेत. नको असेल तर पत्र लिहायचे कष्ट घेऊ नकोस, मुरंब्याच्या बरण्या परत पाठव. मी समजेन.

वंशावळ सोबत आहे. शेवटच्या ओळीत माझी आणि तुझी, दोन्ही मुली शेजारी शेजारी लिहिल्या आहेत.

तुझी बहीण
आणि मालिनची मावशी,
गुनवोर