बघू म्हणजे नाही

पप्पा, आज हॉस्पिटलच्या टी-रूममध्ये दोन नर्सेसची चांगलीच जुंपली होती. गावातल्या एका कॉलेजचा फुटबॉल कोच म्हणे कुठल्याशा व्यावसायिक क्लबात चाललाय. चाललाय की नाही हे अजून त्यालाही नीट ठाऊक नसावं, पण या दोघींनी निकाल लावून टाकला होता. एकीचा मुलगा त्याच्या संघात खेळतो. ती म्हणत होती, भर सीझनमध्ये पोरांना टाकून जायचं म्हणजे काय? दुसरी म्हणाली, गुड ऑन हिम, अशी नोकरी दारात येते का कुणाच्या? मी गुपचूप टी-बॅग पिळत होते. तेवढ्यात पहिली माझ्याकडे वळली. "तुझे डॅडपण कोच होते ना? त्यांनाही ऑस्ट्रेलियाचं बोलावणं आलं होतं. पण ते राहिले. फॅमिलीसाठी." मी हो म्हणाले. चहा सिंकमध्ये ओतला आणि वॉर्डवर गेले. दिवसभर पेशंटना चालवलं, जिने चढायला लावले, आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडत राहिले.

कॉलेज म्हणजे इथे हायस्कूल, हे आपल्याला पामर्स्टन नॉर्थला आल्यावर कळलं. कोल्हापूरला आजीला ते कधीच पटलं नाही. तुम्ही फोनवर "कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवतोय" म्हणालात आणि तिने पोरगा प्रोफेसर झाला म्हणून पेठेत पेढे वाटले. प्रोफेसर कसले, तुम्ही दूध पावडरीच्या कारखान्यात पॅकिंगला होतात. आईला इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली म्हणून आपण आलो, आणि तुमची पी.टी.ची मास्तरकी, तालमीच्या फुटबॉल संघातला तुमचा दरारा, सगळं तिकडेच राहिलं. सकाळची पाळी संपवून तुम्ही मला कॉलेजातून न्यायला यायचात आणि कुंपणाला टेकून मागच्या मैदानावरचा खेळ बघायचात. पुढचं चांगलं मैदान रग्बीचं. तिथे ज्यांना कुणी घेत नसे ती पोरं मागे फुटबॉल खेळत, आणि एक गणिताचे सर पुस्तकात बघून त्यांना शिकवत. एक दिवस तुम्हाला राहवलं नाही. "आरं, पास दे की त्याला!" असं कोल्हापुरीत ओरडलात. मी लाजेने अर्धी झाले. गणिताच्या सरांनी मात्र शिट्टी गळ्यातून काढून तुमच्या हातात दिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली.

त्या मैदानावर वारा असा, की चेंडू उंच मारला तर तो कुणाचाच राहत नसे. म्हणून तुम्ही पोरांना चेंडू जमिनीवर ठेवायला शिकवलंत, आणि त्यासाठी तुमच्याकडे एकच शब्द होता, हळू. इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केलात, पण स्लो म्हटलं की पोरं धावायचीच थांबायची. मग हळू हाच शब्द राहिला. शनिवारच्या मॅचला डोंगरावरच्या पवनचक्क्या गरगरताहेत, आणि गोरी, माओरी, सामोअन पोरं एकमेकांना "हळू, ब्रो, हळू!" म्हणून ओरडताहेत, आणि तुम्ही लाइनवर जॅकेटच्या खिशात हात घालून हसताय. तुम्ही काही सांगितलं की ती "स्वीट अ‍ॅज, कोच" म्हणत, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि तुम्ही कित्येक महिने पुढच्या शब्दाची वाट बघत होतात. घरी येऊन मला विचारलंत, "स्वीट अ‍ॅज, म्हंजे कशासारखं गोड? पुढचं काय बोलतच न्हाईत की ही पोरं." मॅचनंतर सगळी पलटण आपल्या किचनमध्ये. लँबचा तांबडा रस्सा, नाकातोंडातून पाणी, आणि वर ब्रेड मागून मागून खाणं. आई कुरकुर करायची आणि दर शनिवारी आदल्यापेक्षा मोठं पातेलं काढायची.

मग तो फोन आला. आपल्या संघातला एक जुना मुलगा ऑस्ट्रेलियात खेळायला गेला होता, त्याने तिथल्या क्लबला तुमचं नाव सांगितलं होतं. तरुण संघासाठी कोच हवा होता. पगारी, पूर्णवेळ, फक्त फुटबॉल. मी किचनच्या टेबलावर गृहपाठ करत होते. तुम्ही फोन कानाला लावून उभे होतात, नेहमीसारखी मान डोलवत, जणू पलीकडच्याला ती दिसत होती. शेवटी म्हणालात, "येस, येस. वुई विल सी." मी पुन्हा वहीत डोकं घातलं, कारण विषय संपला होता. आपल्या घरात बघू म्हणजे नाही. मी ट्रॅम्पोलिन मागितलं, बघू. कुत्रा मागितला, बघू. कुणाच्या तोंडावर नाही म्हणणं तुम्हाला आयुष्यात जमलं नव्हतं, आणि कोल्हापुरात त्याची कधी गरजही पडली नव्हती. तिथे समोरच्याला कळायचं.

ऑस्ट्रेलियातल्या माणसाला कसं कळावं? त्याने तुम्ही विचार करताय असं समजून कॉलेजच्या प्रिन्सिपॉलना फोन केला, चौकशीसाठी. दोन दिवसांत गावभर झालं. संध्याकाळी आपल्या दारात तुमचा कॅप्टन उभा, तो उंच माओरी मुलगा, आणि त्याच्यामागे अजून दोघं. आईला "किआ ओरा, आंटी" असा नमस्कार करून तिघांनी बूट काढले आणि सोफ्यावर ओळीने बसले.

"कोच, तुम्ही जाताय?"

"न्हाई. मी नाही म्हणालोय त्यांना."

"ते तर म्हणतात तुम्ही 'वुई विल सी' म्हणालात."

"हां. तेच की."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. मला दया आली. मी सांगितलं, आमच्यात वुई विल सी म्हणजे नाही, पण सभ्यपणे. कॅप्टनने ते नीट ऐकून घेतलं. मग अगदी मनापासून, जराही चेष्टा न करता, विचारलं, "मग तुम्हाला खरंच बघायचं असेल, तेव्हा काय म्हणता?"

मी तुमच्याकडे बघितलं, आणि पप्पा, मला तेव्हा कळलं. तुमचे कान लाल झाले होते. या वेळचं बघू ट्रॅम्पोलिनसारखं नव्हतं. तुम्हाला जायचं होतं. आईच्याही ते लक्षात आलं असणार, कारण ती पोरांना खायला आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पोरं गेल्यावर ती म्हणाली, "अहो, जायचं असेल तर जाऊ. माझ्या नोकरीचं मी बघेन. पण त्या माणसाला टांगून ठेवू नका." तुम्ही म्हणालात, "पोरीचं बोर्डाचं वर्ष आहे. हितं मैत्रिणी झाल्यात तिच्या. एकदा मुळासकट उपटून आणलंय तिला, आता परत उपटायचं?" मी तिथेच होते, पप्पा. हातात फडकं घेऊन ताटं पुसत होते. तुम्ही दोघं माझ्या डोक्यावरून माझ्याबद्दल बोलत होतात. मग तुम्ही सिंकपाशी उभे राहून नळाकडे बघत घोकायला लागलात. "नो. सॉरी, नो. नो, थँक यू." आम्हाला हसू यायला हवं होतं. फोन लावलात, आणि जन्मात पहिल्यांदा कुणालातरी स्पष्ट नाही म्हणालात. फोन ठेवून म्हणालात, "झालं." आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यात मैदानावर हजर.

त्यानंतर तुम्हाला थोडीच वर्षं मिळाली. तुम्ही गेलात तेव्हा ती पोरं बाप्ये झाली होती. कुणी सुतार, कुणी ट्रक चालवणारा, एक वकील. तुम्हाला उचलताना त्यांच्यातला कुणीतरी "हळू" म्हणाला, आणि मी आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. सगळ्यांनी हेच सांगितलं, की तुम्ही मोठी संधी सोडलीत आणि आमच्यासाठी राहिलात. पोरांना वाटतं त्यांच्यासाठी, आईला वाटतं माझ्यासाठी. लोक तुमचं कौतुक करतात, आणि मला तुमचा राग येतो. इतका, की आज चहा गिळवेना.

कारण मला एकदाही विचारलं नाहीत. कुठल्या मैत्रिणी, पप्पा? मी जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीत बसायचे. मैदानावर तुम्हाला घेरून असलेली पोरं बघायचे आणि वाटायचं, या गावात तुमचंच बरं चाललंय, माझं काही खरं नाही. तो फोन आला त्या आठवड्यात मी नकाशात ते शहर शोधलं होतं. समुद्राकाठी होतं. मी तिथे दुसरी कुणीतरी मुलगी होणार होते, आणि तुम्ही पुन्हा कोल्हापुरातले तुम्ही. ताटं पुसताना मी वाट बघत होते, की आता वळून विचाराल, काय गं, तुझं काय?

हे लिहिलेलं आईला दाखवणार नाही. ती पलीकडच्या खोलीत टीव्ही बघतेय. आपण माझ्यासाठी राहिलो, यावर तिने इतकी वर्षं काढली आहेत, ती कशाला हलवू? तुम्हाला तेवढं सांगते. मला जायचं होतं, पप्पा. तुमच्यापेक्षाही जास्त.