डोहातलं भूत मीच

१८ मे, सकाळी ६.१०
अधिक महिना लागला. सासरहून, वडगाव रासाईहून, फोन: ३१ तारखेला रविवारी धोंड्याचं जेवण, दोन्ही जावयांनी यायचं. पाठोपाठ धाकटा साडू सत्यजीतची लिंक. 'कंदील विझला' या भुतांच्या जुन्या मालिकेतला 'डोह' हा भाग कुणीतरी यूट्यूबवर टाकलाय. १९९६ चा. दर शुक्रवारी नवी गोष्ट, नवं भूत. 'डोह'मधलं भूत मी. टेलिकास्टच्या दिवशी नेमकी आमच्या शिक्रापूरची लाइट गेली, म्हणून स्वतः पाहिलेला नाही.

लग्न या एपिसोडच्या जोरावर जमलं. सासरे बापूसाहेब अजून ओळख करून देतात, "हे आमचं टीव्हीतलं जावई." सणसवाडीत सत्यजीतच्या चार क्रेन आहेत. माझ्याकडे हा एकच एपिसोड.

निश्चय: धोंड्याच्या दिवशी सगळ्या भावकीसमोर लावायचा. तोवर आपणही बघायचा नाही.

२० मे
कंपनीच्या कॅन्टीनमध्ये विषय काढला. भुताला डायलॉग नव्हता, तेच अवघड असतं, हे समजावून सांगितलं. शूटिंग वडगावच्याच नदीवर. जानेवारी महिना, भीमेच्या पाण्यात चार तास उभा. कुणीतरी कॉस्च्युम विचारला. वेगळा होता म्हटलं. तपशिलात जायची गरज नाही.

२३ मे
सुवर्णा म्हणते, "अहो, जेवू आन् येऊ. लावायचं कशाला?" बायकोला नवऱ्याची प्रसिद्धी सोसत नाही, दुसरं काय! निश्चय कायम.

२६ मे
कुणी 'लाइव्ह करून दाखवा' म्हटलं तर तयारी हवी. आरशासमोर भुताची नजर, मग हसणं. दहाव्या मिनिटाला शेजारच्या खोलीतला यूपीचा वेल्डर आला, "भैया, गला खराब है क्या?" हातात काढा. प्यायलो. आवाजात फरक वाटतो.

२९ मे
एकदा चेक करावं म्हणून लिंक उघडायला घेतली. नेट स्लो. फोन पूर्ण रेंज दाखवत होता, पण स्लोच असणार. राहू दे.

३१ मे, दुपारी १२.३०
वडगाव. पन्नास माणूस. टॉवेल-टोपी, चांदीचा दिवा, पुरणाचे धोंडे. सत्यजीतलाही तेवढाच दिवा. हरकत नाही. तोच आता मोबाइल टीव्हीला जोडतोय. कळेल सगळ्यांना.

३१ मे, ४.००
मागच्या ओट्यावर एकटा बसून लिहितोय.

अठरा मिनिटं दोन माणसं जीपमध्ये बसून बोलतात. धरणाबद्दल. पोटात पुरण, त्यामुळे निम्मी भावकी पेंगली. चुलत सासूबाई आक्काबाई तीनदा म्हणाल्या, "भूत कवा यायचं?" मग एकदाचा डोह आला. पाण्यात एक बाई, पाठमोरी. मोकळे केस, हिरवं लुगडं. चार सेकंद. लगेच हिरो अंथरुणात जागा होतो. सगळं स्वप्न होतं म्हणे. समाप्त. यासाठी मी तीस वर्षं छाती काढून फिरलो.

कुणाच्या काही लक्षात आलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर भागलं असतं. पण मी उभा राहून म्हणालो, ते भूत म्हणजे मीच.

सत्यजीतने मागे घेऊन बरोबर तिथेच थांबवलं. आक्काबाई टीव्हीजवळ गेल्या. "आगं साखरबाई, ह्ये तर तुझं लुगडं!" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "व्हय. शूटिंगवाल्यांनी मागून न्हेलं व्हतं." पन्नास माणूस हसलं. पेंगणारेसुद्धा उठून हसले. बापूसाहेब तेवढे हसले नाहीत. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला वाटत होतं.

१ जून, पहाटे ५.४०
काल परतताना गाडीवर सुवर्णाने मागून सांगितलं. बापूसाहेबांना पहिल्यापासून ठाऊक होतं. लुगडं परत न्यायला ते त्या दिवशी नदीकाठी बसून राहिले होते. घरी येऊन म्हणाले, "टीव्ही-बीव्ही जाऊ द्या. पर त्यो पोरगा थंडीनं काकडत व्हता आन् चार तास जाग्यावरनं हालला न्हाई. असल्या मानसाला पोरगी द्यावी." पुढे दोन वर्षांनी स्थळ चालून आलं, तेव्हा त्यांनी चौकशीसुद्धा केली नाही.

मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून बरं.

खरं सांगायचं तर मी अर्ध्या तासातच पळणार होतो. पण माझी पँट जीपमध्ये होती आणि जीप डबे आणायला शिरूरला गेली होती.

सुवर्णाला हे सांगितलेलं नाही.