तिसऱ्या टॉवरची वर्दळ

४ फेब्रुवारी, सोमवार

तिसरा टॉवरही भरला म्हणे. कुणी भरला ते मात्र कुणी सांगत नाही. तिथल्या विक्री कार्यालयातल्या बाईंनी गुळगुळीत पुस्तिका दिली. पानोपानी माणसं हसताहेत. विचारलं, ही कुठल्या कंपनीची? "सर, इंटरनॅशनल." मी नाव विचारलं होतं, बाईंनी भूगोल सांगितला.

पाठशाळेत गुरुजी शिकवायचे — डोंगरावर धूर दिसला की तिथं अग्नी आहे असं अनुमान करावं. शहराबाहेरच्या या काचेच्या डोंगरांवर दिवे दिसले की आत धंदा आहे, असं अनुमान सगळे करतात. मला धुराचाच संशय येतो.

संपादक म्हणाले, "शास्त्रीबुवा, पुरवणीला 'उगवती व्यापारनगरी' म्हणून छान कौतुकाचं द्या. तर्क नंतर."

७ फेब्रुवारी, गुरुवार

कन्या पहिल्या टॉवरमध्ये लागली त्याला आता बरेच दिवस झाले. काम काय, विचारलं की, "ट्रेनिंग चालू आहे, बाबा." कसलं? "प्रोसेसचं." म्हणजे? "ते ट्रेनिंग संपल्यावर सांगणार आहेत." आमच्या पाठशाळेतही इतकी गूढविद्या नव्हती.

आज खुर्चीवर तिचं ओळखपत्र पडलं होतं. एक नव्हे, दोन. एकाची पट्टी निळी, एकाची हिरवी. एका माणसाला दोन ओळखी कशाला? ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीच्या वस्तू काय निरखताय? तुमची बातमीदारी उंबऱ्याबाहेर ठेवा."

ठेवली. तसाही माझा नियमच आहे — घरच्या माणसाला सूत्र करायचं नाही. बातमीचं त्याला काही विचारायचं नाही, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. इतकी वर्षं पाळलाय.

११ फेब्रुवारी, सोमवार

मेहुण्याचा फोन. हिचा धाकटा भाऊ. शहरात त्याचं स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, चांगलं चालतं, घर त्याच्यावरच उभं आहे. ते विकतोय! पाटीसुद्धा लावली. तिसऱ्या टॉवरच्या तळमजल्यावर गाळा घ्यायचाय.

"भाऊजी, दुपारी या एकदा. उभं राहायला जागा नसते हो."

म्हटलं, थांब जरा. मला काही ठीक दिसत नाही.

"तुम्हाला गंगाजळातही भेसळ दिसते."

"तपासलं तर सापडेलही."

हसला. महिनाअखेर विसार देणार आहे. एकदा विसार दिला की माघार नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार

त्याच्याबरोबर गाळा बघून आलो. विक्रीवाल्या बाईंनी वेळ दुपारचीच दिली होती, आणि बरोबर त्याच वेळी लिफ्टमधून माणसांचा लोंढा बाहेर पडला. गळ्यात हिरव्या पट्ट्या. मेहुणा खूश. लगेच टेप काढून गाळ्याची उंची मोजायला लागला.

त्या लोंढ्यात माझी मुलगी होती. हिरवी पट्टी. मैत्रिणीशी हसत चालली होती. आम्हाला बघितलं — माझ्याकडे, मग मामाकडे, मग त्याच्या टेपकडे. पाऊल अडखळलं नाही. निघून गेली.

बाई पार्किंग दाखवत होत्या, तेवढ्यात ती पुन्हा दिसली. पहिल्या टॉवरच्या दारातून बाहेर येत होती. पट्टी निळी.

मेहुण्याने काही पाहिलं नाही. तो तोंड वर करून छत बघत होता.

संध्याकाळी ती उशिरा घरी आली. मी काही विचारलं नाही. विचारलं, तर ती सूत्र झाली, आणि उद्या छापलं तर तिची नोकरी बापाने खाल्ली असं होणार. नाही विचारलं, तर ती कशी वाचणार, हेही नीट सांगता येत नाही. पण नियम तो नियम.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

न मागता चहा आणून दिला तिने. बिस्किटांसकट. संशयास्पद.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

बाहेरची दोन सूत्रं मिळाली. एक, फाटकावरचा चहावाला. म्हणतो, "गर्दी नुसती फिरते साहेब, थांबत नाही. मुकादम मागे असतो ना." दुसरा, टॉवरना माणसं पुरवणारी एजन्सी सोडून गेलेला सुपरवायझर. त्याने सरळ सांगितलं — ट्रेनिंग म्हणून पोरं घ्यायची, गिऱ्हाईक आलं की खाली सोडायची, पट्टी बदलून शेजारच्या टॉवरमधून पुन्हा सोडायची. खऱ्या कंपन्या आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी मजल्यांवर दिवे आणि खुर्च्या.

नाटकात सेना दाखवायची तर चार जण पडद्यामागून फिरून पुन्हा येतात. तिथं प्रेक्षकाला ठाऊक असतं, एवढाच फरक.

मेहुण्याला चारदा फोन केला. उचलत नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

त्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. दुपारची वेळ, शटर खाली. 'विकणे आहे'ची पाटी नाही! विकलं तर. शेजारच्या शिंप्याला विचारलं, तो म्हणाला, "काल मालकांनीच उतरवली. खुशीत होते."

खुशीत! माझ्यापासून तोंड चुकवतोय, कारण मी नको म्हणालो होतो. आता विसार द्यायला निघेल. हिला म्हटलं, तुझ्या भावाने दुकान फुंकलं. ही म्हणाली, "तो आपलं आपण बघेल." आणि कन्येकडे पाहिलं. दोघी कसल्यातरी कटात आहेत. या घरात मला कुणी काही सांगत नाही.

२३ फेब्रुवारी, शनिवार

बातमी दिली. कौतुकाची पुरवणी नव्हे, पहिल्या पानाची. मेहुणा फोनवर ऐकत नसेल तर छापलेलं वाचेल. कन्येचा उल्लेख अर्थातच नाही. संपादकांनी दोनदा वाचली. "शास्त्रीबुवा, याला म्हणतात काम."

उद्या येईल. मन हलकं झालंय. जवळजवळ.

२५ फेब्रुवारी, सोमवार

व्यापारनगरीत हलकल्लोळ. एजन्सीने सगळी पोरं एका फटक्यात काढली. कन्या दुपारीच परत आली. चप्पल काढली, खोलीत गेली, दार लावून घेतलं. ही माझ्याशी बोलत नाही. दाराशी उभा राहून म्हटलं, मामाचा संसार वाचला गं, तुला दुसरी नोकरी मिळेल.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

मेहुणा आला. दुकान विकलेलं नाही. आम्ही गाळा बघून आलो त्याच संध्याकाळी कन्या त्याच्याकडे गेली होती, सगळं सांगितलं, आणि त्याने मन बदललं. एक तारखेपासून तिला वरच्या मजल्यावरच्या एका खऱ्या कंपनीत घेणार होते, एजन्सीमार्फतच. आता नाही घेणार.

"मला का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

मेहुणा खाली बघत म्हणाला, "तिनेच शपथ घातली होती, भाऊजी. म्हणाली, एक तारखेला मीच सांगेन बाबांना. आत्ता सांगितलं तर ते छापतील."