पट्टीची गाठ

दि. ३ मार्च

चि. भिंगरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुला एक आजी आहे, हे आठवतंय ना? नसेल तर कुठेतरी लिहून ठेव. लिहिण्याचाच तर पगार घेतेस. मी सांगतेय, खालचा चावीवाला लिहून घेतोय. रडका मजकूर लिहिणार नाही, असं त्यानं आधीच बजावलंय.

बाहेरून आलेल्या बायका सरकारी दवाखान्यावर भरवसा का ठेवत नाहीत, ते शोधायला तू महिनाभर तिथल्या फॉर्मच्या खिडकीपाशी वही घेऊन बसलीस. पोरगी आपली आहे, बोला तिच्याशी, असं मीच गल्लीभर सांगत फिरले. परवा धुलाईच्या कारखान्यात तपासनीस आला. तुझ्या अहवालात आहे म्हणे, की खिडकीवर बायकांच्या उजव्या हाताला पट्ट्या असतात, तेव्हा कामावर इजा होत असणार. सगळ्यांना ओळीत उभं करून त्यानं हात बघितले. धडधाकट! मग पट्ट्या कशाला, म्हणून खडसावलं. लिहिता येत नाही, हे बिचाऱ्यांना मालकासमोर कबूल करावं लागलं. आता एकही दवाखान्याची पायरी चढत नाही. शेजारच्या शिवणवालीला सातवा महिना, पाय सुजलेत, तीही घरात बसून.

अगं, हात दुखतो म्हटलं की कारकून फॉर्म भरून देतो, वर काही विचारत नाही. ही युक्ती गल्लीला मीच शिकवली. लहानपणी माझी पट्टी तूच बांधायचीस, तेही विसरलीस?

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आजी

दि. ९ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

विसरले नव्हते. पहिल्याच बाईची पट्टी बघून कळलं. गाठसुद्धा तुझ्यासारखी, अंगठ्याच्या बाजूला. बैठकीत साहेबांनी पट्ट्यांचं कारण विचारलं. टेबलाभोवती सगळे शिकल्या घरचे. माझी आजी हेच करायची, हे सांगायला जीभ रेटेना. इजा असेल, असं बोलून गेले. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी खोडायला सांगितलं नाही. लोक आमच्यापासून काय लपवतात ते शोधायला मला नेमलंय, आणि लपवलं मीच.

सोमवारी बैठकीत सगळं खरं सांगितलं. काल शिवणवालीकडे आले होते. माझा आवाज ऐकून तिनं आतून कडी घातली. तुझा जिना चढायचं धाडस झालं नाही. पायांची सूज बरी नव्हे, तिला तूच घेऊन जा गं. रागावलीस तरी माया तोडू नकोस.

तुझी,
भिंगरी

दि. १४ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद, राग वेगळा बांधून ठेवलाय.

तुझं पत्र चावीवाला दुसऱ्यांदा वाचायला लागला, तेव्हा मीच थांबवलं. लाजायला तू माझ्याकडूनच शिकलीस. मी कधी पट्टीशिवाय गेले त्या खिडकीवर? काल गेले. शिवणवालीला जवळजवळ ओढतच नेलं. रांगेत सगळ्यांच्या देखत कारकुनाला सांगितलं, की मला लिहिता येत नाही, हिलाही नाही, तूच लिही. या वयात कान तापले बघ. त्यानं नुसतं पेनाचं टोपण काढलं आणि नाव विचारलं. एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं बोटं गुंडाळली!

तिला रक्तदाबासाठी तिथेच ठेवून घेतलंय. वेळेत आणलंत, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. बाकीच्या बायका अजून घरीच आहेत. तुझं नाव निघालं की विषय बदलतात. मीही बदलते, खोटं कशाला सांगू?

लोभ आहे, तो असाच राहील. येऊन जा.

आजी

ता. क. मला काही नको. तिच्यासाठी बदाम पाठव, बिनमिठाचे. साध्या कागदात बांध. तुमच्या खात्याचं पाकीट दिसलं तर ती हात लावणार नाही. आणि पाठवणाऱ्याच्या जागी सध्या माझंच नाव घाल.